गेटापाशी

भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला आणि वनमालानं मान वळवली, तर आरोही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दारात म्हणजे दाराच्या अलीकडे, जिथं फरशीचा रंग बदलतो त्या रेघेला पायाचे अंगठे बरोबर टेकवून. डावा हात अंगाला चिकटवलेला, उजवा खांद्यातून सरळ पुढं. "मे आय कम इन, मिस?" वनमालाला हसू आलं. अंगात घरचा फ्रॉक, दोन बुचड्यांपैकी एक सुटून कानावर लोंबणारा, आणि उभं राहणं मात्र वर्गातलं. "येस, कम इन," ती वर्गातल्याच आवाजात म्हणाली आणि पिठाचे हात पसरून थोडी वाकली, कारण यानंतर पळत येऊन कमरेला मिठी मारायची, मग आईनं पीठ लावलं म्हणून ओरडायचं, हा पुढचा भाग होता. आरोही आत आली. चालत आली. "थँक्यू, मिस," म्हणाली, आणि सिलेंडरशेजारी भिंतीला टेकून, मांडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसली. वनमाला तशीच वाकून राहिली. आता हिला हसू फुटेल, आता फुटेल. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती उलटली, आणि उलटता उलटता तिच्या ध्यानात आलं की परवापासून या घरात कुणी 'आई' अशी हाक मारलेली नाही.

हरवलेली वस्तू शोधताना शेवटची कुठं पाहिली होती ते आठवत माणूस मागं मागं जातं, तशी ती मागं गेली. आज सकाळी आरोहीनं दूध पिऊन कप दोन्ही हातांनी धरून परत दिला होता आणि काहीतरी म्हणाली होती, पण मिक्सर चालू होता. काल संध्याकाळी पाणी मागितलं ते अख्खं वाक्य करून, 'मे आय ड्रिंक वॉटर, मिस?', आणि तिच्या बापाला, रामेश्वरला, ते इतकं भारी वाटलं की त्यानं तिला पुन्हा म्हणायला लावून मोबाइलमध्ये घेतलं, स्टेटसला ठेवलं. तो कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसतो, तिथल्या सगळ्यांनी पाहिलं म्हणे. "घरात बी मिसच म्हणती बघ तुला," तो म्हणाला, "लई पक्कं करून घेतलंस." आणि आपण काय म्हणालो? आपण म्हणालो, लेकरं लवकर उचलतात हो. काल रात्री आरोही बापाच्या बाजूला जाऊन झोपली. नेहमी ती वनमालाचा उजवा दंड उशाला घेऊन झोपते, सकाळपर्यंत हाताला मुंग्या येऊन हात आपला राहत नाही. काल दोन्ही हात मोकळे होते. झोप लागायच्या आधी वनमालाला बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणं तिला आठवलं. लेकरू शहाणं झालं असं आपण समजत होतो. दोन दिवस हट्ट नाही, रडणं नाही, पदर ओढणं नाही. आपण ते सुखानं वापरलं.

"आरोही," तिनं हाक मारली. आरोहीनं ओठांवरचं बोट काढलं. "येस, मिस." "इकडं ये की बाळा." "येस, मिस." ती उठून आली आणि हातभर अंतरावर थांबली. वनमालानं तव्यावरची भाकरी उतरवून, हात पदराला पुसून, खाली बसून तिचा सुटलेला बुचडा बांधला, आणि बांधताना ती अंग चोरत नव्हती, रुसलेली नव्हती, हे वनमालाच्या बोटांना कळत होतं. रुसलेलं लेकरू मान कडक करतं. हिची मान मऊ होती. दुसऱ्याच्या घरी पाहुणं आलेलं लेकरू यजमानीणबाईकडून केस बांधून घेतं, तशी ती उभी होती. दिवाळीच्या आसपास तिला सडकून ताप भरला होता, तेव्हाही डॉक्टरांनी काय होतंय बाळा विचारल्यावर 'आय ॲम फाईन, थँक्यू' म्हणाली होती, आणि दवाखान्यातले सगळे हसले होते. वनमालाही हसली होती. तळपायाला तेल चोळताना पुन्हा पुन्हा सांगत होती रामेश्वरला, फाईन म्हणाली हो, एवढ्या तापात. वनमालाच्या गावाकडं कुणी कुणाला कशी आहेस म्हणून विचारत नाही. जेवलीस का विचारतात, कवा आलीस विचारतात, डोक्यावर घागर दिसत असताना पाण्याला चाललीस का विचारतात. उत्तर समोर दिसत असतं आणि तरी थांबून ऐकून घेतात. शाळेतल्या 'हाऊ आर यू'ला मात्र उत्तर आधीच ठरलेलं असतं. ते तिनंच ठरवून दिलं होतं, रोज सकाळी, टाळ्या वाजवत, वरच्या पट्टीत.

ही नोकरी तिनं धरली ती आरोहीसाठी. हे ती कुणालाही, अगदी देवापुढंही, सांगू शकली असती. दुसऱ्याकडं लेकरू सांभाळायला द्यायचं नाही, घरी कुणी नाही, तर मग जिथं लेकरू तिथंच आपण. शाळा बीडमध्ये एका दुमजली बंगल्यात भरायची. बाहेरच्या भिंतीवर जिराफ काढला होता, त्याची मान खिडकीनं मधेच कापलेली. ज्युनिअर केजीचा वर्ग एकच, तो वनमालाकडं आला, आणि वर्गात आरोही आली. प्रिन्सिपल मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरचं नातं गेटच्या बाहेर, मिस. आत बाकीची मुलं बघत असतात, त्यांचे पालक बघत असतात. आणि नो मराठी. मूल इंग्रजीत मागेपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही, म्हणजे मागायला शिकतं." त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. उलट घरी येऊन वनमालानं त्याचा खेळ केला होता. सकाळी गेटापाशी दोघी थांबायच्या. आरोही म्हणायची, "बाय, आई." वनमाला वाकायची. आरोही बॅगेतून निळ्या पट्ट्याचं कार्ड काढायची, त्यावर वनमालाचा फोटो आणि खाली नाव, आणि ते तिच्या गळ्यात घालायची. कार्ड गळ्यात पडलं की आई गेली. "गुड मॉर्निंग, मिस!" "गुड मॉर्निंग, आरोही!" दुपारी शाळा सुटली की त्याच जागी उलटं. "बाय, मिस," म्हणून आरोही कार्ड काढून घ्यायची, बॅगेत टाकायची, चेन लावायची आणि ओरडायची, "आई आली!" ओरडणं असं, की जणू आई परगावाहून एसटीनं आली. मग घरापर्यंत ती आईला शाळेतल्या गोष्टी सांगायची. "आई, आज मिसनी सत्यमला स्टार दिला, मला न्हाई दिला." "असं का केलं गं मिसनी?" "काय म्हाईत. मिस कधी कधी येड्यासारखं करती." वनमाला खोटं खोटं रागावायची मिसवर. आपल्याला हे सुचलं याचं तिला कौतुक वाटायचं. एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, वा, किती छान आयडिया.

परवा मॅडम नव्या ॲडमिशनचे पालक घेऊन वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्गानं उठून गुऽऽड मॉर्निंग केलं, बसा म्हटल्यावर बसला, हात मांडीवर, बोट ओठांवर. वनमालाला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो चांगला लागला होता. एक बाई नवऱ्याकडं बघून मान हलवत होत्या. तेवढ्यात पुढून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "आई." हळू. "आई, शू." वनमालानं ऐकलं. नंतर, स्टाफरूममध्ये आणि रस्त्यात आणि काल दिवसभर, ती मनाशी म्हणत आली होती की गडबडीत नीट ऐकू आलं नाही. पण आता ओट्यापाशी, केसांची गाठ बांधून झाल्यावरही बोटं तिथंच ठेवून, ती म्हणाली, ऐकलं. नीट ऐकलं. आई ऐकलं आणि शू ऐकलं. आणि दाराकडं बघत, हसऱ्या तोंडानं म्हणाली, "येस, आरोही? हाऊ डू वी आस्क?" आरोही उभी राहिली. हात पुढं काढला. हे वाक्य तिला येत होतं, बाथरूममध्ये मगानं पाणी ओतत ती ते गाण्यासारखं म्हणायची. "मे आय," ती म्हणाली. "येस, मे आय?" "मे आय." "व्हेरी गुड. मे आय?" आरोहीचे डोळे तिच्या तोंडावर होते, ओठ बघत होते, की आईच्या ओठांवर पुढचा शब्द दिसेल. "मे आय कम इन," ती म्हणाली. वर्ग हसला. दारातले पालक हसले, मायेनंच हसले. वनमालाही हसली. मग बाकाखाली फरशीवर पाणी वाहत आलं.

सत्यम तिच्या शेजारी बसतो. तो उठून ओरडला, "मिस, मिस, आरोहीनं शू केली!" आणि वनमालाच्या तोंडून निघून गेलं, "इन इंग्लिश, सत्यम." सत्यमनं वर छताकडं बघून विचार केला. लेकरानं खरंच विचार केला. "मिस," तो म्हणाला, "आरोही... वॉटर." आता पालक खळखळून हसले, मॅडमही हसल्या, आणि चला, वर डान्सरूम बघू म्हणून त्यांना घेऊन गेल्या. ते गेल्यावर तरी. ते गेल्यावर दार पुढं ओढून दोन बाकं ओलांडून तिला उचलता आलं असतं. वनमाला फळ्यापाशीच उभी राहिली. लेकरांची धुणीपुसणी मुक्ताबाई करतात, त्यांना हाक मारून ती म्हणाली, "मावशी, प्लीज टेक हर." मुक्ताबाईंनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. "कुणाला ओ, मिस?" वनमालाच्या हातात डस्टर होतं. तिनं डस्टरनं दाखवलं. नाव घेतलं नाही. आरोही रडली नाही. पाय फाकवून, चड्डी अंगाला लागू नये अशी चालत गेली, आणि दारातून बाहेर जाताना वळली, कारण बाहेर जायला मिळालं की म्हणायचं असतं. "थँक्यू, मिस." "वेलकम," वनमाला म्हणाली. आणि पुढचं घेतलं, गुड आफ्टरनून कधी म्हणायचं आणि गुड नाइट कधी.

शाळा सुटल्यावर स्टाफची मीटिंग होती. मुक्ताबाई मधेच डोकावून म्हणाल्या, "मिस, पोरगी धुऊनपुसून माझ्यापशी निजली हाय. उचलून नेता का?" मॅडम बोलत होत्या. वनमालानं खुणेनंच थांबा म्हटलं आणि टेबलाखाली रामेश्वरला मेसेज टाकला. पुढं पालकांच्या गाड्या होत्या म्हणून मुक्ताबाईंनी आरोहीला मागच्या दारानं बाहेर काढून त्याच्या स्कूटीवर बसवून दिलं. "लई गुणाची झाली गं पोरगी," तो रात्री म्हणाला, "सगळ्या रस्त्यानं गप." वनमाला नंतर एकटीच पुढच्या गेटातून बाहेर पडली. कार्ड तसंच गळ्यात होतं. घरी येऊन तिनं ते स्वतःच काढून दारामागच्या खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून ते तिथूनच घालून जायचं आणि येऊन तिथंच अडकवायचं, आत्ताही ते तिथंच होतं. काल आणि आज आरोहीनं गेटापाशी, सकाळी नाही की दुपारीही नाही, कार्डाला हात लावला नव्हता. "बाय, आई"सुद्धा म्हणाली नाही, सरळ आत गेली, आणि वनमालाला वाटलं, झालं, खेळाचा कंटाळा आला, मोठी झाली.

वनमाला तिच्याएवढी होती तेव्हा तिचे आईबाप ऊस तोडायला जायचे. अजूनही जातात. वडवणीकडचं गाव, दसरा झाला की अर्धं गाव रिकामं व्हायचं. वनमालाला चुलतीपाशी ठेवायचे. लेकराला सांगून कुणी निघत नसे, सांगितलं तर लेकरू गाडीमागं पळतं. घरातून बाहेर पडताना जाते म्हणायचं नसतं, येते म्हणतात. पण झोपलेल्या लेकराला येते तरी कोण म्हणणार. बायनाबाई, म्हणजे वनमालाची आई, आपलं अंगावरचं पातळ सोडून लेकरावर पांघरायची आणि दुसरं नेसून अंधारात निघून जायची. सकाळी अंगावर आईचं पातळ दिसलं की कळायचं. रडायचं ते पातळात तोंड घालून रडायचं, आणि त्यातच रडू थांबायचं, कारण वास होता. चुलती म्हणायची, येती की, पाडव्याला येती. एका गुढीपाडव्याला उन्हानं काळवंडलेली, गालफडं बसलेली एक बाई अंगणात येऊन उभी राहिली आणि वनमाला चुलतीच्या मागं लपून म्हणाली, "ह्या कोण?" जमलेल्या बाया हसल्या. बायनाबाईही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. मग दारातल्या टाकीपाशी जाऊन तोंड धूत राहिली. खूप वेळ धुतलं. एवढं काय तोंड धुती ही बाई, असं लहान वनमालाला वाटलं होतं. आत येऊन तिनं चुलतीला विचारलं, "मंगल, माझं पातळ कुठं हाय गं?" ते पातळ वनमालानं कधी धुऊ दिलं नव्हतं. बायनाबाई ते नेसली आणि कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली. लेकराकडं बघितलं नाही, बोलावलं नाही. दिवस कलता कलता वनमाला सरकत सरकत गेली आणि मांडीत जाऊन बसली.

म्हणूनच तिनं ठरवलं होतं, आपण असं जायचं नाही. दिवसभर एका खोलीत, एका छताखाली. आणि आता या स्वयंपाकघरात, लेकराचे केस बांधून झालेले असताना, तिला दिसत होतं की फळ्यापासून दुसऱ्या बाकापर्यंतच्या अंतरातही निघून जाता येतं, आणि त्यासाठी अंधारात उठावं लागत नाही, अंगावर घालायला काही मागं ठेवावं लागत नाही. नुसतं हसून हाऊ डू वी आस्क म्हटलं की होतं.

फोन वाजला. बायनाबाईच होती, कर्नाटकात कुठंतरी, ऊसतोड टोळीच्या कोप्यांमधून, पाचटाच्या झोपड्यांमधून. मागं बैलांच्या गळ्यातल्या घंट्या आणि कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं. "वने, जेवलीस का? आमचा आत्ता सैपाक झाला. माझी बाय कुठं हाय? दे तिला." वनमालानं फोन स्पीकरवर टाकून आरोहीच्या हातात दिला. "गुड इव्हिनिंग, आज्जी," आरोही म्हणाली. पलीकडं एकच गलका झाला. "आगं ए वत्सला, हिकडं ये! माझी नात इंग्लिश बोलती! बोल बाई, आजून बोल." आरोही पाय जुळवून उभी राहिली आणि बोलली. हाऊ आर यू. आय ॲम फाईन, थँक्यू. सिट डाऊन, स्टँड अप. मे आय कम इन, मिस? मे आय ड्रिंक वॉटर, मिस? आणि मग, एका दमात, कुठंही न अडखळता, "मे आय गो टू टॉयलेट, मिस?" वनमालानं ओट्याची कड धरली. पलीकडं बाया टाळ्या वाजवत होत्या. "ह्येचा काय मतलब बायनाबाई?" कुणीतरी विचारलं. "मला काय म्हाईत! लई चांगलं काहीतरी असंल," बायनाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. "आन् ही मिस कोण गं, बाळा? सारकी मिस मिस करायलीस ती?"

"ही," आरोही म्हणाली आणि वनमालाकडं बोट केलं.

"आगं येडे, ती तुझी आई हाय की."

"न्हाई. आई गेटापशी हाय."

"गेटापशी? ती कावून?"

"तिला कुणी आणायलाच गेलं न्हाई," आरोही म्हणाली. तक्रार म्हणून नाही. माहिती म्हणून.

बायनाबाईला हसू आवरेना. "ऐकलंस का, वने? तुला गेटापशीच ठिवलीया म्हनं पोरीनं! आता गं बया! मंग जा बाई, घेऊन ये तिला, थंडी पडलीया," आणि पुढचं काही रेंजमध्ये आलं नाही, फोन कट झाला. वनमालानं गॅस बंद केला. थापलेली एक भाकरी परातीत तशीच राहिली. खेळ असेल, चार वर्षांच्या लेकराचा खेळ आणि खरं यांच्यात भिंत नसते, पडदा असतो. पण दोन दिवस हे लेकरू झोपताना, उठताना, दूध पिताना, गेटापाशी उभ्या असलेल्या कुणाची तरी वाट बघत होतं, आणि तोवर या घरातल्या मिसशी नीट वागत होतं. मिसनं आपल्याला ठेवून घ्यावं इतकं नीट. आणि ते उद्याही तसंच नीट वागेल, परवाही, आणि हळूहळू त्याची सवय होईल, दोघींना, आणि मग कुणाला आणायला जायचं होतं तेच कुणाला आठवणार नाही. तिनं हात धुतले, दारामागचं कार्ड काढून गळ्यात घातलं. "चल." "कुठं, मिस?" "आईला आणायला." आरोहीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग पळाली, घरात परवापासून पहिल्यांदा पळाली, आणि आपला स्वेटर घालून, खुर्चीवरचा वनमालाचा विटकरी स्वेटर छातीशी कवटाळून आली. "हा कशाला?" "आईला थंडी वाजत असंल ना."

रस्त्यानं ती पुढं पुढं चालली, वर्गात लाइन करतात तशी, मधेच मागं वळून मिस येतीये ना बघत. वनमालाच्या अंगावर नुसती कॉटनची साडी होती. थंडी वाजत होती, आणि तिचा स्वेटर समोर, तिच्या हाताच्या अंतरावर, दुसऱ्या कुणासाठी तरी चालला होता. मागावा असं वाटूनही मागता येत नव्हता. चहाच्या गाड्यापाशी रिक्षावाले उभे होते, कुणीतरी क्लास सुटलेल्या पोराला "काय बे" म्हणून हाक मारत होतं, सगळं नेहमीसारखं होतं. रस्ता ओलांडताना आरोहीनं बोट धरलं, ओलांडून झाल्यावर सोडलं, "थँक्यू, मिस" म्हणाली. आणि वनमालाला भीती वाटायला लागली. गेटापाशी कुणीच नसलं तर? हा विचार येडा होता, तिला कळत होतं, पण तो जाईना. तिथं जाऊन लेकरानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, आई नाही, मिस, आई गेली, तर? मागं एकदा आपणही एका बाईला अंगणात उभं ठेवून विचारलं होतं, ह्या कोण. त्या बाईकडं पातळ होतं. आपल्याकडं काय आहे.

गेटला कुलूप होतं. आत जिराफ अंधारात होता, खांबावरच्या दिव्याचा उजेड गेटाच्या गजांतून आत फरशीवर पडला होता. आरोही त्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभी राहिली. वनमाला वाकली. आरोही तिच्याकडं बघत होती, डोळ्यांत नाही, कार्डावरच्या फोटोकडं. मग तिनं स्वेटर बगलेत धरला आणि दोन्ही हातांनी पट्टा तिच्या डोक्यावरून काढला. पट्टा अंबाड्यात अडकला, तो तिनं ओढला नाही, बोटानं सोडवला. "बाय, मिस." "बाय, आरोही," ती म्हणाली, आणि मिस अजून गेली नव्हती तोवर सांगून टाकावं म्हणून म्हणाली, "सॉरी, आरोही." आरोहीनं मान डोलावली. "इट्स ओके, मिस." लगेच म्हणाली, अजिबात न थांबता. सॉरी म्हटलं की काय म्हणायचं ते वनमालानंच शिकवलं होतं. आज बॅग नव्हती. आरोहीनं कार्ड हातात धरून विचार केला, मग गेटापाशी बसून, गजांतून हात आत घालून, जाईल तेवढं लांब ते फरशीवर सरकवून दिलं. कार्ड आत, फोटो वर करून, उजेडात पडलं. मिस शाळेत गेली.

आरोही उठली. हात फ्रॉकला पुसले. 'आई आली' म्हणून ओरडली नाही. वनमाला अजून वाकलेलीच होती, तिला सरळ व्हायचं सुचत नव्हतं. आरोहीनं स्वेटर तिच्यापुढं धरला. "घाल." वनमालानं घातला. एका बाहीत हात जाईना, आरोहीनं बाही धरली. मग तिच्या गालाला हात लावून बघितला आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "कुठं गेलतीस गं तू?"

"हितंच होते."

"किती गार पडलीस," आरोही म्हणाली, आणि दोन्ही हात वर केले, उचल म्हणून.

वनमालानं उचललं. लेकरू अंगाला असं चिकटलं की श्वास घ्यायला जागा राहिली नाही, तोंड तिच्या गळ्याशी, स्वेटरच्या आत, पाय कमरेला आवळलेले. चहाचा गाडा मागं पडला. मग गळ्यापाशी ऊन ऊन श्वास लागला. "आई, तुला एक सांगू?"

"सांग की."

"मला परवा शाळेत शू झाली. मी सांगितलतं मिसला. पण मिसनी मला वळखलंच न्हाई."

वनमाला चालत राहिली. असं का केलं गं मिसनी, असं नेहमी विचारायचं असतं इथं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. आरोहीनं वाट बघितली. मग तिला वाटलं असेल की आईला काय करावं ते सुचत नाहीये, म्हणून तिनंच सुचवलं. "तू सांगशील का मिसला?"

"काय सांगू, बाळा?"

"की मी तुझी हाय."

"सांगते," वनमाला म्हणाली. "उद्या सकाळी, सगळ्यांच्या समोर सांगते."

आरोहीनं गळ्यातले हात सैल केले आणि डोकं खांद्यावर टाकलं. झोपली असं वाटलं. घराचा जिना आला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिनं मान वर केली, आईच्या कानाशी तोंड नेलं, आणि आईची काळजी वाटून, तिला उद्या कुणी हसू नये म्हणून, हळूच बजावलं, "पण इंग्लिशमधी सांग हं, आई. मिसला मराठी ऐकू येत न्हाई."